ओला झाल्यावर टी-शर्ट कसा वागतो?

गेल्या अंकात बुटांविषयी लिहिलं, तर या वेळी बहुतेक पत्रं अंगावरच्या कपड्यांची आली. दिवसही तसेच आहेत म्हणा. माझी नोकरीची वर्षं महापेच्या एमआयडीसीत गेली, होजिअरीच्या कारखान्यात कापड तपासण्यात, आणि धावणं उपवन-येऊरच्या रस्त्यावर. त्यामुळे टी-शर्ट हातात आला की मी आधी तो उलटा करून बघते. किमतीची चिठ्ठी नंतर. पत्रं थोडी कापली आहेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

ताई, मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. वय 38, वजन 82 किलो. पहाटे साडेपाचला सर्व्हिस रोडवर धावतो, आठवड्यातून एकदा 10 किलोमीटर. घाम एवढा येतो की दोन किलोमीटरनंतर टी-शर्ट पिळावा लागेल. ‘घाम खेचून कोरडं ठेवणारे’ म्हणून दोन नामांकित कंपन्यांचे टी-शर्ट घेतले, प्रत्येकी दोन हजारांच्या आसपास. परिस्थिती तीच. आता साडेतीन हजारांचा एक नजरेत भरलाय. घेऊ का?

नका घेऊ. निदान हे वाचून होईपर्यंत तरी थांबा.

टी-शर्ट घाम वाळवत नाही. वाळवते ती हवा. कापडाचं काम एवढंच की कातडीवरचा घाम उचलायचा आणि बाहेरच्या अंगाला जमेल तेवढा पसरवायचा. बादलीच्या काठावर फडक्याचं एक टोक पाण्यात आणि दुसरं बाहेर असं राहिलं, की पाणी आपोआप चढून बाहेर ठिबकायला लागतं ना, तेच इथे चालतं. धाग्यांमधल्या बारीक फटींतून पाणी ओढलं जातं. पसरलेलं पाणी लवकर उडतं, थेंबाथेंबाने साचलेलं उशिरा. कापडाची कामगिरी इथे संपली.

पुढचं सगळं हवेच्या हातात, आणि जूनच्या तोंडावर ठाण्यातली पहाटेची हवा आधीच भरलेली असते. खाडी एका बाजूला, येऊरचं जंगल दुसऱ्या बाजूला, आणि आर्द्रता 80-90 टक्क्यांच्या घरात. ती हवा तुमची वाफ घेणार कुठून? हाच टी-शर्ट घालून तुम्ही फेब्रुवारीत नाशिकला धावलात तर कंपनीला मनापासून आशीर्वाद द्याल.

थोडा हिशोब मांडते, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते कळेल. धावताना किलोमीटरमागे वजनाच्या प्रत्येक किलोला ढोबळमानाने एक कॅलरी लागते. म्हणजे तुमच्या 10 किलोमीटरला आठशेच्या आसपास. त्यातली तीन चतुर्थांशांहून जास्त निव्वळ उष्णता होऊन बाहेर पडायला बघते, म्हणजे सहाशेच्या थोडं वर. आता एक लिटर घाम अंगावर उडून गेला तर तो साधारण 580 कॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे तुमचा सगळा घाम जागच्या जागी उडाला असता तर लिटरभरात काम भागलं असतं. पण तुमचा जातो दीड ते दोन लिटर, कारण बराचसा हनुवटीवरून आणि कोपरावरून खाली टपकतो. टपकलेल्या घामाने थंडावा शून्य. शरीराला वाटतं अजून थंड व्हायचंय, म्हणून ते आणखी घाम सोडतं. तुमच्यात काही बिघाड नाही, बरं का. सराव वाढला की घाम लवकर सुटतो आणि जास्तही येतो.

तेव्हा आपल्याकडे कोरडं राहण्याचा नाद सोडून द्यायचा. टी-शर्ट ओला होणार, हे धरून चालायचं आणि ओला झाल्यावर तो कसा वागतो ते बघून घ्यायचा. जड होतो का, चिकटतो का, त्याच्यातून वारा येतो का? मी एवढंच बघते.

सगळ्यात आधी वजन. पॉलिएस्टरच्या धाग्याच्या पोटात पाणी जवळजवळ जातच नाही. प्रयोगशाळेतल्या ठरलेल्या हवेत तो स्वतःच्या वजनाच्या 0.4 टक्के ओलावा धरतो, तर सुती धागा 8 टक्क्यांच्या आसपास. हा आकडा जाहिरातीत मोठ्या दिमाखाने मिरवला जातो. मात्र तुमच्यासारख्याच्या अंगावर घाम धाग्याच्या पोटात नाही, तर धाग्यांच्या मधल्या जागेत साठतो. कापड जाड तर जागा जास्त, जागा जास्त तर पाणी जास्त, मग धागा कुठलाही असो. म्हणून जाड पॉलिएस्टरचा टी-शर्टही भिजला की खांद्यावरून ओघळतो.

कारखान्यात आमच्याकडे जीएसएम, म्हणजे चौरस मीटरभर कापडाचं ग्रॅममधलं वजन, काढायला जीएसएम कटर असायचा. गोल डबीसारखं यंत्र, कापडावर ठेवून दाबत फिरवलं की बरोबर 100 चौरस सेंटिमीटरची चकती निघते. तिचं ग्रॅममधलं वजन गुणिले 100, की झाला जीएसएम. तुम्ही टी-शर्टाची चकती काढू नका, स्वयंपाकघरातला काटा घ्या. मध्यम मापाच्या अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टात साधारण चौरस मीटरभर कापड असतं, त्यामुळे त्याचं ग्रॅममधलं वजन हाच ढोबळ जीएसएम धरायला हरकत नाही. आपल्या हवेला 100 ते 130 उत्तम. 150 च्या पुढचे टी-शर्ट ऑफिसला, बाजारात, लग्नाच्या हळदीला घाला. तुमच्या त्या दोन महागड्यांचं वजन करा, मला वाटतं तिथेच अर्धं उत्तर मिळेल. नामांकित कंपन्याही जाड टी-शर्ट ‘ट्रेनिंग’ म्हणून विकतात. ते एसी जिममध्ये छान चालतात.

मग थेंब. प्रयोगशाळेत ड्रॉपरने सेंटिमीटरभर उंचीवरून एक थेंब कापडावर सोडायचा आणि त्याची चकाकी जायला किती सेकंद लागतात ते बघायचं, ही जुनी आणि भरवशाची परीक्षा. घरी टी-शर्ट उलटा करून पाठीच्या जागी थेंब टाका. दोन-तीन सेकंदांत पसरला आणि बाहेरच्या बाजूला डाग आतल्यापेक्षा मोठा दिसला, तर कापड कामाचं. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर ते कापड घाम उचलणारच नाही, मग लेबलवर काहीही लिहिलेलं असू दे. आता यातली खोच. नवीन कापडावर बहुतेक वेळा पाणी ओढणाऱ्या रसायनाचं फिनिश दिलेलं असतं, आणि स्वस्त फिनिश धुण्यागणिक उतरतं. म्हणून हा थेंब नव्या टी-शर्टावर टाकण्यापेक्षा आठ-दहा धुण्यांनंतर टाका. काही धाग्यांना मुळातच लांबीच्या दिशेने खाचा असतात. ड्युपाँट कंपनीने 1986 मध्ये आणलेलं कूलमॅक्स त्यातलंच. खाचा धुतल्या जात नाहीत. महागाचे पैसे द्यायचेच असतील तर अशा कापडाला द्या, छातीवरच्या चिन्हाला नको.

आतली बाजू बोटाने चाचपा. किंचित खडबडीत, बारीक दाण्यांची वीण असेल तर कातडीला कापड कमी ठिकाणी टेकतं आणि ओलं झाल्यावरही पाठीला लपेटून बसत नाही. आतून-बाहेरून गुळगुळीत असलेलं पातळ कापड दुकानात फार मुलायम लागतं आणि रस्त्यावर पहिल्या किलोमीटरात ओल्या वर्तमानपत्रासारखं चिकटतं. माप अंगासरशी, पण आवळ नको. काखेत आणि पाठीवर वारा खेळला पाहिजे. छातीवर मोठा रबरी प्रिंट असलेला टी-शर्ट नकोच. तेवढा भाग म्हणजे अंगावर प्लास्टिकचा तुकडा.

एवढं सगळं बघून साडेतीन हजारांचा टी-शर्ट पास झाला तर खुशाल घ्या. पण त्याच पैशात साधे, पातळ, जाळीदार तीन येतील आणि लांब पल्ल्याच्या दिवशी त्यांचा जास्त उपयोग होईल. तुम्ही घराजवळच फेऱ्या मारता ना? मग पाच किलोमीटरला गेटपाशी थांबून टी-शर्ट बदला. वॉचमन दोन दिवस बघेल, तिसऱ्या दिवशी तोच पिशवी सांभाळेल.

मी 54 वर्षांची आहे, खारघरला राहते. सेंट्रल पार्कमध्ये थोडं चालणं, थोडं पळणं करते. आजवर सुती कुर्ता घालत आले. मुलगी म्हणते टी-शर्ट घे, सासूबाई म्हणतात उन्हाळ्यात सुतीसारखं दुसरं नाही. मला सिंथेटिकमध्ये गुदमरल्यासारखं होतं. शिवाय मेनोपॉजमुळे मधेच अंगातून वाफा येतात.

सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे, फक्त ते बसलेल्या माणसासाठी. पंख्याखाली भाजी निवडताना, दुपारी आडवं होताना सुतीच हवं. थोडासा घाम सुती कापड पिऊन टाकतं आणि अंगाला बरं वाटतं. पण पळताना येणारा घाम थोडासा नसतो. भिजलेला सुती कुर्ता मांड्यांना गुंडाळतो, वजनदार होतो आणि घरी येईपर्यंत ओलाच राहतो. तुम्ही नुसतं चालत असतात तर मी कुर्ता बदलायला सांगितलंच नसतं.

गुदमरणं मात्र खरं आहे, ते मनाचे खेळ समजू नका. आपल्या पिढीने सिंथेटिक म्हणून जे अंगावर घातलं ते टेरिकॉट आणि नायलॉन, घट्ट विणीचं, वारा न येणारं. त्याची आठवण अंगाला आहे. आताचं जाळीचं कापड उजेडासमोर धरून बघा, भोकं दिसतात. तुमच्यासाठी मी असं सुचवेन: सैल, कंबरेखाली वीतभर येणारा, बाजूला चीर असलेला, 120 जीएसएमच्या आसपासचा टॉप. बायकांच्या विभागात लांबीला आखूड आणि अंगाला घट्ट टॉपच जास्त मिळतात, का ते कंपन्यांनाच ठाऊक. बेलाशक पुरुषांच्या विभागातला घ्या. पातळ कापड ओलं झालं की पारदर्शक होतं, म्हणून फिकट रंग टाळा. सासूबाईंचाही जीव भांड्यात पडेल.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण बायका विचारतच नाहीत म्हणून सांगते. वरचा टॉप कितीही चांगला घेतलात आणि आत जाड कपांची, फोम भरलेली सुती ब्रा असेल तर काही उपयोग नाही. सगळ्यात जास्त घाम तिथेच साठतो आणि पट्ट्याखाली घामोळं तिथेच येतं. आधी पैसे स्पोर्ट्स ब्रामध्ये घाला, फोम काढता येणारी बघा. दुकानात ती घालून हात वर करा, जागच्या जागी उड्या मारा. लाजू नका.

वाफा येतात तेव्हा पुढे चेन असलेला टॉप बरा पडतो, चार बोटं उघडला की वारा लागतो. पण रात्री झोपेत कपडे भिजत असतील, वजन न सांगता उतरत असेल किंवा छातीत धडधडत असेल, तर सगळं मेनोपॉजवर ढकलू नका. थायरॉइड आणि साखर तपासून घ्या.

मी ऐरोलीत राहतो, बारावीला आहे. बजेट फार नाही. स्टेशनजवळ मिळणारी 250 रुपयांची फुटबॉल जर्सी धावायला चालेल का? मित्र हसतात.

चालेल की. तुझ्या त्या जर्सीचं कापड बहुतेक डॉट निट नाहीतर राइस निट असणार, बारीक ठिपक्यांची किंवा तांदळाच्या दाण्यांसारखी वीण. शाळांच्या स्पर्धांचे, सोसायटीच्या क्रिकेटचे, गोविंदा पथकांचे टी-शर्ट याच कापडाचे शिवतात. हवा खेळती राहते. एवढंच बघ की नाव आणि नंबर कापडातच छापलेला आहे, वर चिकटवलेला नाही. नखाने हलकेच खरवडून बघ, कड हाताला लागली तर दुसरी उचल. शिवण आतून जाड असते आणि दोऱ्यांची टोकं टोचतात, ती घरी कात्रीने साफ कर. मानेमागचं लेबलही उसवून टाक. ठाण्याला गावदेवी भागात किंवा जांभळी नाक्याला गेलास तर बिनप्रिंटच्या साध्या मिळतील, त्या आणखी बऱ्या. वाचलेले पैसे बुटांसाठी ठेव. आणि मित्रांना म्हणावं, 5 किलोमीटर बरोबर पळा आणि मग हसा.

नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानाच्या ट्रॅकवर सकाळी धावते, तिथूनच आवरून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला ऑफिसला. ओला टॉप पिशवीत. घरी आल्यावर धुते, तरी वाळलेल्या टॉपला घातल्या घातल्या दहा मिनिटांत वास सुटतो. भरपूर कम्फर्टर घालूनही!

‘घालूनही’ नाही, ‘घालून’च. कपडे मऊ करणारं ते द्रावण धाग्यावर स्निग्ध थर चढवतं. त्याने दोन नुकसानं. घाम ओढणाऱ्या फटी बुजतात, आणि थराखाली अंगाचा तेलकट मळ अडकून बसतो. आजपासून बंद.

वास घामाचा नसतो, ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. अंगावरचे जिवाणू घामातलं आणि कातडीच्या तेलातलं काहीबाही खातात, त्यातून वास तयार होतो. पॉलिएस्टरला पाण्याचं वावडं असलं तरी तेलाशी त्याची दोस्ती आहे. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये व्यायामानंतरचे सुती आणि पॉलिएस्टरचे टी-शर्ट तपासले, तेव्हा पॉलिएस्टरचा वास जास्त उग्र आणि नकोसा ठरला, आणि वास करणाऱ्या मायक्रोकॉकस जातीच्या जिवाणूंची वाढही त्यावरच जास्त सापडली. तेव्हा तुमच्या स्वच्छतेचा यात दोष नाही, कापडाचा स्वभावच तो.

तुमचा खरा शत्रू आहे ती पिशवी. सकाळी सातला बांधलेला ओला गोळा रात्री आठला उघडायचा म्हणजे जिवाणूंना तेरा तास उबदार घर. ट्रॅकवरच्या नळाखाली टॉप साध्या पाण्याने खळाळून घ्या, घट्ट पिळा आणि जाळीच्या पिशवीत ठेवा. ऑफिसात टेबलाखाली हुकाला अडकवता आला तर दुपारपर्यंत वाळतोही. बॉस विचारेल तर माझा लेख दाखवा.

आधीच मुरलेला वास काढायला अर्धी बादली कोमट पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून टॉप उलटा करून अर्धा तास बुडवा. मग नेहमीच्या पावडरीने धुवा, पावडर एन्झाइमवाली असेल तर उत्तम. पावडर कमी घाला आणि खळबळणं वाढवा, कारण राहिलेला साबणही मळ धरून ठेवतो. फार गरम पाणी नको, इस्त्री तर अजिबात नको. ब्लीचही नको, आणि व्हिनेगरबरोबर तर मुळीच नाही, त्यातून विषारी वायू निघतो. पावसाळ्यात गॅलरीतल्या दोरीपेक्षा घरातल्या पंख्याखालची दोरी बरी. पातळ पॉलिएस्टर रात्रीत वाळतं. एवढं करूनही वास जात नसेल तर त्या टॉपचं आयुष्य संपलं म्हणा आणि ओटा पुसायला घ्या, जरी तो पाणी टिपणार नाही.

विचारायला संकोच वाटतो. वाशी ते बेलापूर पाम बीच रोडने लांब पल्ला केला आणि पांढऱ्या टी-शर्टवर छातीपाशी रक्ताचे दोन डाग! बायको घाबरली. हे काय?

संकोच कसला, मोठ्या स्पर्धांच्या शेवटच्या रेषेवर असे दोन डाग मिरवत येणारे पुरुष हमखास दिसतात. ओलं कापड स्तनाग्रावर हजारो वेळा घासलं की कातडी सोलवटते. घाम उडाला की मीठ मागे राहतं, ते काचपावडरीचं काम करतं. बायकांना हे सहसा होत नाही, कारण ब्रा जागची हलत नाही.

सैल, जड, जाड टी-शर्टात हे जास्त होतं. स्पर्धेत फुकट मिळालेला होता ना? माझा अंदाज आहे. ते टी-शर्ट आठवण म्हणून ठेवावेत, लांब पल्ल्याला घालू नयेत. स्पर्धेच्या दिवशी तर अजिबात नाही, न धुतलेला नवा कपडा 21 किलोमीटर अंगावर वागवणं म्हणजे स्वतःहून जखम ओढवून घेणं.

उपाय सोपा. निघण्याआधी, अंग कोरडं असताना, केमिस्टकडे मिळणाऱ्या कागदी चिकटपट्टीचे दोन तुकडे लावा. छातीवर केस असतील तर तेवढी जागा आधी साफ करा, नाहीतर काढताना बायको पुन्हा घाबरेल. काखेत, मांड्यांच्या आत आणि कमरेच्या पट्ट्याखाली पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. खूप घाम येणाऱ्यांची जेली तासाभरात वाहून जाते, छोटी डबी खिशात ठेवा. टी-शर्ट घेताना काखेतली शिवण उलटून बघा. दोन कापडं एकमेकांशेजारी सपाट जोडलेली असतील तर ती फ्लॅटलॉक, ती घ्या. आत उभी कड दिसली तर ती घासणारच. झालेल्या जखमेला साधा साबण, पाणी आणि दोन दिवस आराम पुरेल.

पाठीवर आणि खांद्यावर फिकट पांढरे डाग आलेत, थोडी खाज. पॉलिएस्टरची अॅलर्जी असेल का? (कोपरखैरणे)

पत्रावरून निदान मी करणार नाही. पण घामेजल्या पाठीवर, दमट हवेत असे डाग बहुतेक वेळा शिब्यांचे निघतात. तो बुरशीचा प्रकार आहे, उपचार सोपे आहेत. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलमधून कुणीतरी सुचवलेली स्टिरॉइड मिसळलेली मलमं कृपा करून लावू नका, त्यांनी खाज दबते आणि बुरशी फोफावते. धावून आल्यावर ओल्या टी-शर्टात चहा-पोहे आणि गप्पा हा कार्यक्रम मात्र बंद करा. आधी टी-शर्ट बदला, मग पोहे.

‘बांबू’चे टी-शर्ट निसर्गाचे, थंड आणि कोरडे असतात का?

हाताला थंड आणि मऊ लागतात, हे खरं. पण बाजारातलं बहुतेक ‘बांबू’ कापड म्हणजे बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला व्हिस्कोज. व्हिस्कोज सुतीपेक्षाही जास्त पाणी पितो आणि ओला झाला की ताणून लोंबतो. रात्री झोपायला घ्या.

माझे पती मे महिन्यातही सकाळी आठला उन्हात निघतात. परत येतात ते डोक्यापासून पायापर्यंत चिंब, मग तासभर डोकं धरून बसतात. म्हणतात नवीन टी-शर्ट घेतला की बरं वाटेल. खरं आहे का? (माजिवडा)

नाही. टी-शर्ट बदलून डोकेदुखी जाणार नाही, वेळ बदलून जाईल. आठचं ऊन मेमध्ये ऊन नसून शिक्षा असते. पाच-सव्वापाचला निघायला सांगा आणि वेग कमी ठेवायला सांगा.

मग एक काम तुम्हीच करा. निघण्याआधी फक्त चड्डीवर त्यांचं वजन घ्या, आल्यावर अंग पुसून पुन्हा घ्या. जितके किलो उतरले तितके लिटर पाणी गेलं, वाटेत प्यायले असतील तेवढं त्यात मिळवा. 70 किलोच्या माणसाचं दीड किलोपेक्षा जास्त उतरत असेल तर वाटेत पिणं कमी पडतंय. तासापेक्षा जास्त धावत असतील तर नुसत्या पाण्याऐवजी ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत न्यावं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा. आणि उलटही लक्षात घ्या: परत आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर गरजेपेक्षा जास्त पाणी ढोसलं गेलंय. त्याने रक्तातलं सोडियम घसरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं.

उन्हात अंगावर शहारे येणं, चक्कर, मळमळ ही थांबायची खूण. तिथेच, सावलीत. असंबद्ध बोलायला लागले, तोल जायला लागला तर उष्माघात समजायचा. टी-शर्ट काढून अंगावर जमेल तेवढं थंड पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि 108 ला फोन करायचा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवायचं नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

कुठल्या रंगाचा घ्यावा? (कळवा)

उजाडण्याआधी धावत असाल तर फिकट किंवा भडक, गाडीवाल्याला दिसेल असा. ऊन लागत असेल तर पांढरा-पिवळा, काळा तापतो. घाम दिसू नये एवढीच इच्छा असेल तर गडद निळा. मिठाचे पांढरे नकाशे मात्र त्यावर उठतात. राखाडी रंगाचा घेऊ नका, त्यावर तुम्ही कुठे किती घामाघूम झालात ते पार कळवा पुलावरून दिसतं.